मालवणला संपवलंत तरी चालेल

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही चौघं शाळेपासूनचे मित्र, पंचेचाळिशीच्या आसपासचे. १८ डिसेंबरला मांडव्याहून सायकलने निघालो, सागरी मार्गाने पणजी गाठायची म्हणून. मुरूड, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर असे मुक्काम झाले. केळशीच्या पुढच्या चढांवर एकाचा गुडघा दुखायला लागला. तो भाच्याची सायकल घेऊन आलाय, तीही निघायच्या दोन दिवस आधी. त्याच्यासाठी गुहागरला एक दिवस जास्त थांबलो. आज २३ ला रत्नागिरीत पोचलोय आणि गुडघा परत तसाच आहे. २८ च्या संध्याकाळी मडगावहून परतीची रेल्वेची तिकिटं आहेत. दुसऱ्या मित्राला २९ ला ऑफिसला जावंच लागेल. तो म्हणतो, हातखंब्याहून मुंबई-गोवा हायवे धरू आणि सरळ गोवा गाठू. तिसरा म्हणतो, मला काहीही चालेल. गुडघेवाला म्हणतो, माझ्यासाठी थांबू नका, मी येतो. सहा महिने खपून हा सगळा प्लॅन मी केलाय, पुढच्या मुक्कामांचे (२५ देवगड, २६ मालवण, २७ शिरोडा) पैसे भरलेत, सगळ्यांना 'गोव्याला सायकलने चाललो' म्हणून सांगून आलोय. समुद्र सोडून हायवेने जायचं तर एवढा खटाटोप केला कशाला? काल रात्री थोडं वाजलंच आमचं. काय करावं?
– मुक्काम रत्नागिरी

उत्तर:

एरवी पत्रांना सावकाश उत्तर देतो. पण तुम्ही लॉजवर बसून वाट बघताय आणि उद्याचा दिवस तुमच्या हातात आहे, म्हणून हे आजच.

तुमच्या पत्रात तारखा आहेत, मुक्काम आहेत, कोण काय म्हणाला तेही आहे. नाही ते एवढंच, की गुडघा दुखणारा मित्र एकटा असताना काय म्हणाला. 'माझ्यासाठी थांबू नका' हे त्याने चौघांत म्हटलंय, आणि चौघांत दुसरं काही म्हणता येत नाही. शाळेपासूनच्या मित्रांत तर अजिबातच नाही, लगेच कोणीतरी 'म्हातारा झालास' म्हणणार. त्याच्या नावाने एकदा गुहागरला थांबणं झालंय, ते ओझं त्याच्या डोक्यावर आहेच. तो पणजीपर्यंत 'मी येतो'च म्हणत राहील, आणि पुढे महिनाभर जिना उतरताना कळवळेल.

तेव्हा उद्या सकाळी त्याला एकट्याला घेऊन चहाला जा. 'तू येणार का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. विचारायचं ते गुडघ्याबद्दल. दुखतं नेमकं कुठे, पुढून वाटीपाशी, मागून, की बाहेरच्या बाजूला? जिना उतरताना जास्त दुखतं का? सूज आहे का? गुडघा अडकल्यासारखा होतो का? सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल, तर पुढची सगळी चर्चा बंद. रत्नागिरी जिल्ह्याचं ठिकाण आहे, हाडांचे डॉक्टर मिळतील. त्यांना दाखवायचं आणि ते सांगतील तसं वागायचं.

सूज नसेल आणि दुखणं पुढून असेल, तर मला पहिला संशय भाच्याच्या सायकलीचाच आहे. सीट खाली असली की प्रत्येक पेडलला गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि सगळा ताण वाटीवर येतो. भिंतीला टेकून त्याला सायकलवर बसवा, टाच पेडलवर ठेवायला सांगा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात किंचित बाक राहतो, तेवढाच हवा. पाय सरळ होत नसेल तर सीट थोडी वर घ्या, एका झटक्यात दोन इंच नको. दुखणं मागून असेल तर उलटं, सीट बहुधा जास्त वर आहे. दुसरं कारण गिअरचं. आपल्याकडे लहानपणी बिनगिअरच्या सायकलींवर उभं राहून चढ मारायची सवय लागलेली असते, ती पंचेचाळिशीत गुडघ्याला महागात पडते. चढ सुरू व्हायच्या आधीच हलक्या गिअरवर यायचं, पाय भरभर फिरू द्यायचे. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या झाल्या तर उत्तम. वेग कमी झाला तर होऊ दे.

एवढं करून झालं की दोघं मिळून सामान न लादता भाट्याच्या पुलापर्यंत जा आणि पुढचा फणसोपकडचा चढ अर्धा चढून परत या. गोळपच्या सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, नेणारा हा चढ पुढच्या रस्त्याचा चांगला नमुना आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला रस्ता असाच आहे: खाडीवर उतरायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढायचं, आणि दिवसभर हेच. भाट्याच्या चढावर दुखलं तर पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड सगळीकडे दुखणार. नाही दुखलं तर थोडी आशा आहे. औषधाची गोळी घेऊन मात्र ही परीक्षा घेऊ नका.

आता प्लॅनचं बोलू. तुम्हाला वाटतंय की तो मोडतोय. मला वाटतं, तो बदलायला रत्नागिरीइतकी सोयीची जागा तुमच्या सबंध रस्त्यावर दुसरी नाही. आत्तापर्यंत तुम्ही जेट्ट्यांना बांधलेले होता. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, या चार ठिकाणी बोट चुकली की तासभर गेला, आणि शेवटची चुकली की मुक्काम गेला. जयगडला उतरलात तिथे ही कटकट संपली. पुढे थेट तेरेखोलपर्यंत खाड्यांवर पूल आहेत. म्हणजे कुठल्या दिवशी किती जायचं हे आता बोटीच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही, पायांवर आहे. शिवाय इथे रेल्वे आहे. ती सागरी मार्गापासून लांब, आतल्या बाजूने जाते. राजापूर रोड, वैभववाडी, कणकवली ही स्टेशनं किनाऱ्यापासून इतकी आत आहेत की देवगडला कोणी अडकला तर रेल्वे गाठणं हाच एक प्रवास होऊन बसतो. ज्याला गाडीने पुढे जायचंय त्याने इथूनच जावं.

हायवेवाल्या मित्रावर तुम्ही चिडलेले दिसता. पण त्याला समुद्राचा कंटाळा आलेला नाही, त्याला २९ तारखेची भीती आहे. रस्त्यावरून भांडलात तर दोन्ही बाजू बरोबर ठरतील आणि भांडण संपणार नाही. त्याची तारीख सांभाळा, रस्त्याचं तो आपोआप विसरेल. त्याच्या बाजूचंही थोडं सांगतो. सिंधुदुर्गात चौपदरी झालेल्या हायवेला चढ बेताचे आहेत आणि कडेला सायकलीपुरती जागा बरीचशी मिळते. रत्नागिरीहून पणजी त्या रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, सागरी मार्ग त्याहून लांब आणि कितीतरी दमवणारा. हिशेब त्याचा चुकलेला नाही. चुकलाय तो आठवडा. नाताळपासून ३१ डिसेंबरपर्यंत अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं त्याच रस्त्याने गोव्याला निघतं, रात्रभर गाडी चालवून डोळे तारवटलेले लोक पहाटे ओव्हरटेक करत असतात. त्या गर्दीत सायकल घालू नये असं माझं मत आहे, आणि एकट्याने अंधारात तर मुळीच नाही. शिवाय दुखऱ्या गुडघ्याला वेगाचा रस्ता मानवतो असं काही नाही. तिथे इतरांबरोबर राहायच्या नादात माणूस जड गिअर ओढत बसतो.

तिसऱ्या मित्राबद्दल एकच. 'मला काहीही चालेल' म्हणणारा माणूस प्रत्येक ट्रिपला असतो आणि सगळ्यांना तो फार समजूतदार वाटतो. माझा अनुभव वेगळा आहे. निर्णय झाला की दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात 'मला तर आधीच वाटलं होतं' हे तोच म्हणतो. त्याला आज मत द्यायला लावा. दोन पर्याय समोर ठेवा आणि एक निवडायला सांगा, चहाचे पैसे त्याच्याकडून घेतलेत तरी हरकत नाही.

आणि तुम्ही. प्लॅन करणाऱ्याचं दुखणं मला कळतं. बोटींच्या वेळा, जेवणाची ठिकाणं, कोणत्या चढाआधी पाणी भरायचं, सगळं तुम्ही एकट्याने जमवलंत आणि बाकीचे नुसते पेडल मारत आले. त्याबद्दल तुमचे आभार कोणी मानले नसतील तर ती त्यांची चूक आहे, तसं तोंडावर सांगा. पण त्याची भरपाई म्हणून गोवा मागू नका. तुम्ही ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करत नाही आहात. तिथे सहाशे किलोमीटरला चाळीस तासांची मर्यादा असते, ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यावा लागतो आणि उशीर झाला तर नाव बाद होतं. तिथे ते बरोबर आहे, ती परीक्षाच आहे. तुमच्या कार्डावर शिक्का मारणारं कोणी नाही. ऑफिसात 'गोव्यापर्यंत गेलात का?' असं विचारणारे दोन-चार निघतील, त्यांना मांडवा ते मालवण सायकलने म्हणजे काय ते एकदा नकाशावर दाखवा. बहुतेकांना चार जेट्ट्यांची नावंसुद्धा माहीत नसतात.

तर माझी सूचना अशी. पणजी सोडा, मालवण धरा. उद्या २४ ला सगळ्यांनी रत्नागिरीत विश्रांती घ्या. २५ ला सकाळी निघून पावस, पूर्णगड, आडिवरे करत जैतापूरच्या आसपास मुक्काम. २६ ला देवगड किंवा कुणकेश्वर. २७ ला आचऱ्यावरून मालवण. तीनही दिवस बेताचे आहेत, सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाआधी मोठा पल्ला पार होतो आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटेल तेव्हा तुम्ही सावलीत असाल. २८ ला मालवणहून कुडाळ, तीसएक किलोमीटर, आणि संध्याकाळी तुमचीच गाडी. मडगावहून येणाऱ्या गाडीला कुडाळचा थांबा आहे का ते आज बघा. असेल तर तिकीट रद्द करायची गरजच नाही, चढायचं स्टेशन ऑनलाइन बदलून कुडाळ करा. पैसे मडगावपासूनचेच गेलेले असतील, पण नाताळच्या आठवड्यात हातातली जागा सोडून तत्काळच्या मागे लागणं शहाणपणाचं नाही. एकदा बदललंत की मडगावहून चढता येणार नाही, म्हणून चौघांचं पक्कं झाल्यावरच बदला आणि शेवटच्या दिवसावर ठेवू नका. २९ ला तुमचा मित्र ऑफिसात वेळेवर.

तुमच्या मूळ मुक्कामांप्रमाणे गेलात तरी २८ ला मडगाव कागदावर बसतं, हे मलाही दिसतंय. २५ देवगड, २६ मालवण, २७ शिरोडा, २८ ला तेरेखोल ओलांडून सबंध गोवा पार करत मडगाव. पण त्यात एक पंक्चर बसत नाही, गुडघा तर दूरच. मालवण-पणजीचा तुकडा कुठे पळून जात नाही. जानेवारी-फेब्रुवारीत एका शनिवार-रविवारी कुडाळला उतरून तो करता येईल, आणि तेव्हा गर्दीही ओसरलेली असेल.

गुडघेवाल्याने काय करायचं? भाट्याच्या चढावर दुखलं नाही तर तुमच्याबरोबर यावं, आणि सगळ्यात पुढे त्याने राहावं. मागे राहिलेला माणूस पुढच्यांना गाठायला जोर लावतो, गुडघा तिथे बिघडतो. पुढे असला की वेग त्याचा राहतो आणि बाकीच्यांना मागे हळू चालवायला काहीही त्रास नसतो. दुखलं तर त्याने २५ किंवा २६ ला रेल्वेने कुडाळ आणि तिथून रिक्षाने मालवण गाठावं, दोन दिवस पाय वर करून मासे खावेत आणि तुमची वाट बघावी. त्याला 'घरी जा' म्हणू नका आणि टेम्पोत बसवून तुमच्यामागून फिरवूही नका. मित्र चढ चढताहेत आणि आपण खिडकीतून बघतोय, यासारखी शिक्षा नाही. त्याला स्वतःहून घरी जायचं असेल तर मात्र आग्रह करून अडवू नये.

त्याच्या सायकलीचं रत्नागिरी स्टेशनवरच विचारून घ्या. स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे, फोनवर उत्तर मिळेलच असं नाही, तेव्हा उद्या कोणीतरी जाऊन यावं. गाडीच्या सामानाच्या डब्यात (ब्रेकव्हॅनमध्ये) सायकल घेतात, पण दोन मिनिटांच्या थांब्यावर ती उतरवून द्यायला तयार होतील का, हे तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय धरून चालू नका. चाकं काढून, कापडात गुंडाळून डब्यात न्यायचा प्रयत्न लोक करतात. नियमात डब्यात नेण्याच्या पेटीचं माप १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर आहे आणि सायकलचा सांगाडा सहसा त्यात मावत नाही, मग टीसीच्या मर्जीचा प्रश्न येतो. सगळ्यात बिनघोर म्हणजे त्याची सायकल रत्नागिरीहूनच ट्रान्सपोर्टने किंवा मुंबईला जाणाऱ्या खासगी बसच्या डिकीतून घरी पाठवून द्यावी. उरलेल्या तीन सायकलींसाठीही मालवण किंवा कुडाळच्या खासगी बसवाल्यांशी आधी बोलून ठेवा, कारण तुमचं मडगावच्या पार्सलचं गणित आता बदललं.

पैशांचं उद्याच ठरवा, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतोय. बुडालेला अ‍ॅडव्हान्स, सायकल पाठवायचा खर्च, कुडाळ-मालवण रिक्षा, हे सगळं चौघांत समान. 'त्याच्यामुळे झालं, त्याने द्यावं' असं कोणी बोलणार नाही, पण तो स्वतः खिशात हात घालेल आणि तुम्ही 'राहू दे रे' म्हणून गप्प बसाल, मग ती रक्कम वर्षभर कुठेतरी टोचत राहील. तुम्ही प्लॅन केलाय म्हणून तुम्ही एकट्याने सोसायचं, असंही नाही.

दोन गट झाले तर हत्यारं वाटून घ्या. माझा अंदाज आहे की पंप, पंक्चरचं सामान आणि जादा ट्यूब सगळं तुमच्याच बॅगेत आहे. मित्रांच्या चाकांचं माप आणि व्हॉल्व्ह तुमच्यासारखाच आहे का, ते बघा. बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हची ट्यूब गावातल्या दुकानात मिळत नाही. आडिवरे ते विजयदुर्ग पट्ट्यात फोनची रेंज येते-जाते, म्हणून संध्याकाळी किती वाजता आणि कुठे भेटायचं ते सकाळी निघतानाच ठरलेलं असू दे, आणि प्रत्येकाकडे थोडी रोकड असू दे.

काल रात्री वाजलं म्हणता, त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. दमलेल्या अंगाने, भुकेल्या पोटी, रात्री दहाला चार माणसांनी निर्णय घ्यायचा नसतो. उद्या नाश्ता झाल्यावर बोला, आधी गुडघेवाल्याशी एकट्याने आणि मग चौघांनी. हे उत्तर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवू नका, विशेषतः तिसऱ्या मित्राबद्दलचा भाग.

बोलणं झालं की लगेच मालवणच्या घरमालकिणीला फोन करा. २६ ची खोली २७ ला सरकवता येते का ते विचारा. नाताळात मालवण भरलेलं असतं, तिच्याकडे जागा नसेल तर देवबाग, तारकर्ली किंवा अलीकडे आचऱ्याला तिच्या ओळखीचं कोणी ना कोणी निघेलच, तिलाच सुचवायला सांगा. आणि जेवायला तीन येणार की चार, ते २६ च्या रात्रीपर्यंत कळवतो म्हणावं. मासे सकाळी आणावे लागतात.